सातमाड जुव्याची एकोणीस मतं

देशाच्या निवडणुकांचा इतिहास लिहिणारे दिल्लीपासून सुरुवात करतात. मी सातमाडपासून करतो. तिथला इतिहास आटोपशीर आहे, आणि तो सगळा एकाच माणसाच्या ओसरीवर घडला आहे.

सातमाड हे तेरेखोलच्या खाडीतलं जुवं. जुवं म्हणजे बेट. पेडण्याच्या काठावरून हाक मारली तर जुव्यावर ऐकू येते, पण हाक मारणाऱ्याला पलीकडे जायचं तर होडीच हवी. घरं चार, देवाची घुमटी एक आणि मतदार एकोणीस. एवढ्यांसाठी सरकार दर निवडणुकीला एक मतपेटी, चार कर्मचारी, बिनतारी यंत्रासकट एक पोलीस आणि शाईची एक बाटली पाठवी. एकोणीस बोटं रंगवूनही ती बाटली भरलेलीच दिसे. जुव्यावर शाळा नाही, पंचायतघर नाही, म्हणून मतदान केंद्र कृष्णनाथ तारी यांच्या ओसरीवर.

कृष्णनाथना सगळे तारीमाम म्हणत. जन्मभर वल्हं मारून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर आलेला, त्यामुळे कुठलाही सदरा त्यांच्या अंगावर रुसल्यासारखा बसे. मी डिचोलीच्या एका कचेरीत कारकून होतो. गोव्याचं घटकराज्य झाल्यावर जी पहिली लोकसभा आली, तिला माझी ड्यूटी सातमाडला लागली. आदल्या दिवशी दुपारी तारीमामच आम्हांला न्यायला आले. आमचे केंद्राध्यक्ष जयराम सर हायस्कुलात गणित शिकवीत. होडीत बसताच त्यांनी मतपेटी मांडीवर घेतली, तिला मिठी मारली आणि डोळे मिटले.

"सर, पेटी खाली ठेवा," तारीमाम म्हणाले. "ती बुडाली तर सरकार दुसरी देतला. दुसरे सर खयसून हाडतला?"

ओहोटीची ओढ होती म्हणून पलीकडे पोचायला अर्धा तास लागला. तेवढ्यात त्यांनी जुव्याचा सगळा राजकीय इतिहास सांगितला. वल्ह्याच्या तालावर सांगत होते, त्यामुळे प्रत्येक पराभवाला एक छपक आवाज यायचा.

पहिल्या निवडणुकीत शिडी चिन्हाचा उमेदवार जुव्यावर आला आणि उतरताना कमरेपर्यंत चिखलात गेला. जुव्याला दया आली. एकोणीसच्या एकोणीस मतं शिडीला पडली. निवडून आली छत्री. पेटी उघडली की कुठल्या केंद्रावर कोणाला किती, हे सगळ्यांसमोर येतं. पेडण्यात हजारो लोक छातीवर हात ठेवून "मी तुम्हांलाच दिलं हो" म्हणू शकतात. एकोणीस जणांना ती चैन परवडत नाही. छत्रीवाल्यांनी निरोप धाडला, सातमाडनं आम्हांला शून्य दिलं, आम्हीही सातमाडला तेवढंच देऊ. पुढच्या खेपेला घाबरून एकोणीस मतं छत्रीला घातली. निवडून आली शिडी.

"मतदान गुप्त असतं, माम," जयराम सर डोळे न उघडता म्हणाले.

"असात, पेडण्यात असात. हयसर एकोणीस जणांत काय गुप्त ऱ्हवतला? माझ्या घरात सुंगटां शिजली तर चौथ्या घरात ताटां घेतत."

मग तारीमामनी रापणीचा कायदा लावला. रापण म्हणजे गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं. मासळी किनाऱ्यावर आली की वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि देवाचा वाटा. मतांचेही तसेच वाटे पडले. आठ शिडीला, आठ छत्रीला आणि देवाचा वाटा म्हणून तीन कुणातरी अपक्षाला. कुठल्या घरानं कुठला वाटा उचलायचा तेही पाळीपाळीनं, म्हणजे कुठल्याच घराला रंग चिकटत नाही. एकदा म्हापशाचा एक शिंपी शिवणयंत्र चिन्हावर उभा होता. त्याच्या स्वतःच्या घरात चार मतं. त्याला तिथं पडली दोन. सातमाडमध्ये तीन पडली हे कळल्यावर तो होडी करून आला, घुमटीपुढं रडला आणि एकोणीस जणांचे कपडे शिवून देऊन गेला. जुव्याला काही देऊन गेलेला तो एकमेव उमेदवार.

भाषेचा वाद पेटला तेव्हाही हेच झालं. कोकणीवाले होडीनं आले, मराठीवाले त्याच्या मागच्या होडीनं आले. तुमची भाषा कोणती, असं दोघांनीही विचारलं. तारीमामनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. "आरती मराठीत म्हणतंय, गाळी कोकणीत घालतंय. देवाक दोन्ही ऐकाक येतत." दोघांनीही खूश होऊन आपापल्या यादीत सातमाड शंभर टक्के असं लिहून घेतलं.

हे वाटे अगदी व्यवस्थित चालले होते. कोणी रागावत नव्हतं. पण कोणी उपकृतही होत नव्हतं, आणि तारीमामना नेमकी तीच चिंता होती.

जुव्याचं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. भोवती चिखलाचा बांध, आणि बांधात लाकडी दार. त्याला मानस म्हणतात. ओहोटीला ते उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ते लाकूड कुजलं होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव नको, आणि भात गेलं की चारही घरांनी जुवं सोडायचं. नवा मानस शिडीनंही कबूल केला होता, छत्रीनंही. दर निवडणुकीला कबूल केला होता.

"आठ मतांक कोण मानस घालता, सर?" ओसरीवर पोचल्यावर तारीमामची बायको लक्ष्मी चहा देताना म्हणाली. "आठ मतांक ते हात जोडतत. तितक्यांच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जयराम सरांनी रिकामी पेटी सगळ्यांना दाखवली आणि सील केली. सगळ्यांना म्हणजे मला, बाकीच्या दोन कर्मचाऱ्यांना, पोलिसाला आणि दोन पोलिंग एजंटांना: शिडीचा सदाशिव आणि छत्रीचा रामचंद्र, दोघे पेडण्याचे. मतदार एकही नाही. साडेसातला लक्ष्मीबाई धावत आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

"सर, उठा. टेबल व्हया."

"अहो बाई, हे मतदान केंद्राचं टेबल आहे!"

"केंद्र तुमचां, टेबल माझां," असं म्हणून तिनं मतपेटी उचलून जमिनीवर ठेवली आणि टेबल डोक्यावर घेऊन निघून गेली.

रात्रीच्या भरतीत खिळखिळा झालेला मानस पहाटे फुटला होता. अमावास्येची भरती दुपारी बाराला, शेतात कोरगुट जातीचं भात अर्धं कापलेलं, अर्धं उभं. एकोणीसही मतदार बांधावर होते. जयराम सर पेटी सोडू शकत नव्हते, तेव्हा ते पेटीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. नऊ वाजता पोलिसानं बिनतारी यंत्रावरून आकडा कळवला: शून्य. दहा वाजता पुन्हा शून्य. पलीकडून विचारणा झाली, मतदार कुठं आहेत? पोलिसानं खरं ते सांगितलं: सगळे एकत्र बांधावर आहेत, यायला तयार नाहीत.

जुव्यावर एकोणीस मतं पडत तेव्हा वर्षानुवर्षं कुणी फिरकत नसे. शून्य पडल्याबरोबर अर्ध्या तासात सरकारी लाँच आली. तीत पेडण्याचे मामलेदार, सहा पोलीस, शिडीचा तालुका पुढारी आणि छत्रीचा तालुका पुढारी. घटकराज्याच्या पहिल्याच लोकसभेत बहिष्कार! मामलेदारांनी वाटेतच भाषण तयार केलं होतं. मी त्यांना वाट दाखवायला म्हणून ओसरी सोडली. नियमानं सोडायला नको होती. आता निवृत्त झालोय म्हणून लिहितो.

बांधावर तारीमाम छातीभर पाण्यात उभे होते. फुटलेल्या भोकात लक्ष्मीबाईचं टेबल आडवं घालून त्यांनी पाठीनं रेटून धरलं होतं. बाकीचे चिखलाचे गोळे हातोहात पुढं देत होते, आणि ते पुरत नव्हते. टेबलाच्या कडांवरून पाणी आत शिरतच होतं.

"नागरिकहो," मामलेदारांनी सुरुवात केली, "मतदान हा तुमचा पवित्र..."

"सायबा, आधी हात लावा!" तारीमाम ओरडले.

जुव्याची एक रीत आहे. फुटलेल्या बांधावर जो पोचला त्यानं चिखल लावल्याशिवाय परत फिरायचं नाही. कुणीही असो. एकदा एका नवरदेवानं मुंडावळ्यांसकट लावला होता, असं सांगतात. एका म्हातारीनं मामलेदारांच्या हातात मुकाट्यानं गोळा ठेवला. ते नाही म्हणणार तोवर मागून दुसरा आला.

"बूट काढा सायबानूं, ह्या चिखलाक बुटांची हौस भारी," म्हातारी म्हणाली.

मग सहा पोलीस उतरले. आमच्या मागोमाग आलेले एजंट सदाशिव आणि रामचंद्र उतरले. दोन्ही पुढारी एकमेकांकडं बघत काठावरच थांबले होते; आधी कोण उतरला हे उद्या भाषणात येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"काय रे, छत्री भिजता म्हणून भितंस?" शिडीवाल्यानं टोमणा मारला.

"तुझी शिडी खय गेली? उतर मरे तिच्यावरसून!"

दोघांनीही एकदमच उडी मारली.

बारा वाजले तेव्हा ओळीत तीस माणसं होती. भरती चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभर आली आणि थांबली. पाणी उतरायला लागलं तशी लक्ष्मीबाई आधी रडली, मग टेबल गेल्याबद्दल नवऱ्याला बोलली.

दोन वाजता मतदान सुरू झालं. बोटांवरच्या चिखलाला शाई लागेना, म्हणून प्रत्येक मतदाराला विहिरीवर हात धुवायला पाठवावं लागलं. अडीचला मतदान शंभर टक्के. निकाल लागला तेव्हा सातमाडचा आकडा आठ, आठ आणि तीन. दोन्ही पुढाऱ्यांनी पुढं वर्षभर भाषणांत सांगितलं, सातमाडचा बांध आम्ही स्वतःच्या हातांनी बांधला. त्यांच्या कारकिर्दीत खरं निघालेलं हे एवढंच वाक्य.

पक्का मानस मात्र आलाच नाही. टेबलाच्या फळ्या दीड वर्ष टिकल्या. तोवर दिल्लीतलं सरकार पडलं आणि एक्याण्णव साली पुन्हा निवडणूक आली. सकाळी दहाला सातमाडमध्ये शून्य टक्के. साडेदहाला लाँच. या वेळी बांधावर चिखल आधीच कालवून ठेवलेला होता, आणि एका बाजूला फणसाच्या फळ्याही. ते सरकार पाच वर्षं चाललं, तेवढी जुव्यानं फळ्यांना ठिगळं लावत कशीबशी काढली. मग शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. देशात सरकारं ढासळत राहिली आणि सातमाडचा बांध दर खेपेला वीतभर वर येत राहिला. मामलेदार बदलत. नवा मामलेदार आला की जुना त्याला सांगे, सातमाडला जाताना बूट घालू नका.

नव्याण्णवच्या निकालानंतर एका शुक्रवारी तारीमाम मला म्हापशाच्या बाजारात भेटले. डोक्यावर केस उरले नव्हते, खांदा आणखी वर गेला होता. भात कसं आहे, विचारलं. भात उत्तम होतं. तरी चेहरा पडलेला.

"ह्या सरकार पाच वर्षां चलतला म्हणतत, खरां काय?"

"चिन्हं तरी तशीच दिसतायत, माम."

"वाट लागली." ते भिंतीला टेकून उभे राहिले. "फळी दोन वर्षांवर टिकणा नाय. मधी माणसां खयसून हाडू?"

मी थोडा विचार केला. "माम, लोकसभा नसली म्हणून काय झालं? विधानसभा आहेच की. गोव्यातल्या सरकारचं काय ऐकलंत?"

तारीमामनी माझ्याकडं बघितलं. मग चेहरा हळूहळू उजळला.

"होय मरे," ते म्हणाले, "त्येचो कायच भरवसो नाय." आणि पेडण्याच्या बसला अजून वेळ आहे म्हणून फणसाच्या फळ्यांचा भाव विचारायला लाकडाच्या वखारीकडं निघून गेले.