बंद दाराबाहेर नंदू तावडे

नंदू तावडेचा आवाज मोठा. मुलुंडच्या एका पॅकिंग कारखान्यात मशीनच्या खडखडाटावरून हाका मारायची सवय लागलेली. घरात तो साधं मीठ मागायचा तरी शेजारच्या मालनवहिनींना ऐकू जायचं. वडील गिरणीत होते. संपानंतर घर कसंबसं चाललं, आणि नंदूचं शिक्षण बारावीच्या आतच सुटलं. त्यामुळे मुलगी जान्हवी दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा त्याने मजल्यावरच्या प्रत्येक दारात पेढे दिले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "आमची जानू डॉक्टर होणार!" जान्हवी मागे उभी राहून हसत होती.

ती आता बारावीला होती. जानेवारीतल्या एका दिवशी कारखाना बंद होता म्हणून नंदू घरीच होता. दुपारी क्लासमधून फोन आला.

"जान्हवीची तब्येत बरी आहे ना? दिवाळीपासून ती आलेलीच नाही."

नंदूला आधी वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाला फोन लागला असेल. रोज सकाळी बॅग घेऊन जाताना त्याने तिला पाहिलं होतं.

ती आली, चप्पल काढली. नंदूने विचारलं, "आज काय शिकवलं?"

"ऑर्गॅनिक."

"खोटं बोलतेस माझ्याशी? क्लासमधून फोन आला होता. कुठे जातेस? कोण आहे तो?"

"कोणी नाहीये, पप्पा. मी बागेत बसते."

"बागेत? आम्ही इथे मरमर मरतो आणि तू बागेत जाऊन बसतेस?" आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. "लाज वाटते का काही?"

जान्हवी रडली नाही. फार हळू म्हणाली, "मी नसलेलीच बरी मग." आणि बाथरूममध्ये जाऊन तिने कडी लावली.

नंदू आधी तसाच धुसफुसत बसला. नळ सुरू झाला तो बंदच होईना. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग दोन्ही हातांनी दार ठोकलं. आतून काहीच नाही. त्याने बायकोला, सुगंधाला फोन लावला. ती जवळच्याच नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला होती.

"दार ठोकू नका आधी," ती म्हणाली. तिचाही श्वास फुलला होता. "मी निघालेच आहे. तिच्याशी बोलत राहा. उत्तर आलं नाही तर मालनवहिनींच्या मुकुलला बोलवा आणि दार तोडा. आणि सरळ विचारा तिला, जीव द्यायचं मनात येतं का."

"असलं कसं विचारू गं? नसलेलं डोक्यात घालू?"

"विचारल्याने डोक्यात जात नाही हो. आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात. विचारा!"

नंदू दाराला टेकून फरशीवर बसला.

"जानू, ओरडलो मी. आता नाही ओरडत. एक विचारतो, खरं सांग." पुढचे शब्द त्याला उच्चारताच येईनात. "जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

नळाचं पाणी पडत राहिलं. मुकुलला हाक मारायला तो उठणार, तेवढ्यात नळ बंद झाला.

"कधी कधी," ती आतून म्हणाली. "हल्ली रोजच."

तुला काय कमी केलं गं आम्ही, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. "बरं केलंस सांगितलंस," तो म्हणाला. "आता काही करणार नाहीस ना?"

"नाही."

"मग नुसती कडी काढ. दार नको उघडूस. मी आत येत नाही."

मग कडी सरकली. दार बोटभर उघडलं आणि थांबलं. नंदूने ते ढकललं नाही.

त्या फटीतून ती बोलू लागली. सकाळी उठताच छातीत धडधडतं. एकच ओळ दहा वेळा वाचली तरी कळत नाही. "आणि सगळे डॉक्टर म्हणतात मला, पप्पा. खालचा वॉचमनसुद्धा."

सुगंधा धापा टाकत आली तेव्हा बापलेक उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसलेले होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. क्षमा यांची भेट मिळाली. त्यांनी जान्हवीशी एकटीशी बोलून घेतलं, मग तिघांना बसवलं. हे डिप्रेशन आहे, बरं होतं, पण वेळ घेईल. सध्या तिला एकटीला ठेवू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. आणि लक्ष ठेवा, पण चौकशी लावू नका.

नंदूला यातलं शेवटचंच जमेना. ती आंघोळीला गेली की हा बाहेर येरझाऱ्या घालायचा. "जानू, काय करतेस?"

"पप्पा, आंघोळ!" ती आतून किंचाळायची.

शेवटी दोघांत ठरलं. कडी लावायची नाही, आणि त्याने एकदाच हाक मारायची, तिने "हो" म्हणायचं.

कुडाळहून मोठ्या भावाचा, चंद्रप्रकाशचा फोन आला. "पोरीक गावाक घेवन ये. देवाक गाऱ्हाणा घालूया. डॉक्टर-बिक्टर कित्याक? लगीन व्हावचा आसा तिचा."

"दादा, गाऱ्हाणा घाल तू. औषध मात्र थांबूचा नाय," नंदू म्हणाला. भावाने आठवडाभर फोन केला नाही.

बोर्डाची परीक्षा तिने त्या वर्षी दिली नाही. हे ठरलं त्या दिवशी नंदू कारखान्यात गेला आणि मशीनपाशी नुसता उभा राहिला. घरी मात्र काही बोलला नाही. मार्चमध्ये मध्येच एक आठवडा फार वाईट गेला. जान्हवी जेवेना, उठेना. औषध बदललं. सुगंधाने रजा घेतली, ती संपल्यावर नंदूने घेतली. तो तिच्या खोलीत भाजी निवडत बसायचा.

एकदा लिफ्टमध्ये मालनवहिनींनी विचारलं, "काय, डॉक्टरीणबाई, अभ्यास जोरात?"

जान्हवीने मान खाली घातली. नंदू म्हणाला, "तिला बरं नाहीये वहिनी. औषध चालू आहे. आणि डॉक्टर व्हायचं आम्ही काही ठरवलेलं नाही."

लिफ्ट थांबली. मालनवहिनी उतरल्या. बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर जान्हवीने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "मला पाणीपुरी खायची आहे. तिखट."