साहेबांना आधी कळलं

"वाच. मोठ्यानं वाच. लेखिका आहेस ना?"

सकाळची प्रार्थना संपलेली. तीनशे पोरंपोरी रांगेत उभी. संस्थेचे साहेब माईकपाशी. माझ्या गोष्टीचा कागद त्यांनी दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा. भित्तिपत्रकावरून ओढून काढलेला. कोपऱ्यांत टाचण्या तशाच.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी माईक स्वतःकडं घेतला.

"हिच्या आज्यानं जन्मभर मेंढरांच्या पाठीवर गेरू लावला. आता ही आपल्याला लावायला निघाली!"

आणि थांबले. साहेब बोलून थांबले की टाळ्या वाजवायच्या, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नव्हतं. सगळ्यांनी वाजवल्या. माझेसुद्धा हात उचलले गेले. माझ्याच आज्याच्या अपमानाला. ते मी विसरले न्हाई.

नवीन जालन्यात स्टेशनच्या पलीकडं हे निवासी ज्युनिअर कॉलेज. डॉक्टर करून देतो म्हणणारं. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावातून तिथं पोचलेली मी पहिली पोरगी. दर रविवारी परीक्षा, सोमवारी मार्कांप्रमाणं गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बदलायची. हिरवी, पिवळी, लाल. हिरव्यांनी आधी जेवायचं, पुढच्या बाकावर बसायचं. लालांनी शेवटी जेवायचं, घरी फोन करायचा न्हाई, हिरव्यांशी बोलायचं न्हाई. जिन्यात पाटीच होती : संगतीने मार्क घसरतात.

मी हिरवी होते. सांगून टाकते. माझ्या खोलीतली वर्षा, मंठ्याकडची, दिवाळीनंतर लाल झाली. एकदा वही घेऊन आली. "एवढं एक गणित दाखवतीस का गं?" मी तिच्या फितीकडं बोट केलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत कॅमेरा पण नव्हता.

आता त्या गोष्टीचं सांगते. ती मी कॉलेजात यायच्या आधी लिहिली होती. दहावीच्या सुट्टीत, आज्याच्या मेंढरांमागं हिंडताना. शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीत तसल्या कादंबऱ्या होत्या. भिंतीआडचं शहर, सगळ्यांना एकसारखे कपडे, सगळ्यांवर नजर, आणि न्हाई म्हणणारी एक पोरगी. मला त्यांचं याड लागलं होतं. मी पण एक शहर केलं. तिथं दहा वर्षांचं झालं की पाठीवर रंगाचा ठिपका मारतात. आपला ठिपका आपल्याला दिसत न्हाई. लोक कसं वागवतात त्यावरून ज्यानं त्यानं आपला रंग ओळखायचा. एक पोरगी विहिरीवर बहिणीला पाठ दाखवते. बहीण म्हणते, "काहीच न्हाई गं तुझ्या पाठीवर." एवढीच गोष्ट. ठिपका आमच्या मेंढरांचा. कळपात कळप मिसळला तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून आजा गेरू लावायचा.

मराठी दिनाच्या भित्तिपत्रकात एक चौकोन रिकामा राह्यला होता. मी जुनी वही काढली, चांगल्या अक्षरात उतरवून दिली, खाली 'आज्याच्या मेंढरांचा गेरू बघून सुचली' असं लिहून. नाव छापून येईल याचीच खुशी. त्या गोष्टीत आमचं कॉलेज हाय, हे मला दिसलंच न्हाई. हिरवीला कसं दिसणार?

लालांना दिसलं. जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीपुढं नुसत्या लाल फिती. एक वाचून सरकली की दुसरी पुढं. ती रांग साहेबांनी खिडकीतून बघितली आणि खाली आले.

प्रार्थनेतल्या तमाशानंतर त्यांनी मायला बोलावून घेतलं. माय हरभऱ्याचं रान तसंच टाकून आल्ती. जीपनं जाफराबाद, तिथून एसटीनं जालना. ऑफिसात खुर्ची रिकामी असून उभीच राह्यली. साहेब तिच्याशी लई गोड बोलले.

"पोरगी हुशार आहे, ताई. मला तिचं नुकसान करायचं नाही. उद्या सगळ्यांसमोर एवढंच सांगू द्या, की गोष्ट मेंढरांवरून सुचली आहे. कॉलेजचा संबंध नाही. विषय संपला."

बाहेर आल्यावर माय म्हणाली, "मंग सांगून दे ना, बाई. मेंढरावरूनच तर सुचली. तू कुठं लबाड बोलून राह्यलीस?"

बराबर होतं तिचं. मी माफीनामा लिहिला. ही गोष्ट मी येथे येण्यापूर्वी लिहिली. ती मेंढरांवरून सुचली आहे. अक्षर न् अक्षर खरं. एवढं खरं लिहून एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माईकपुढं गेले. माय कडेला चपला हातात धरून उभी. का काढल्या होत्या कुणास ठाऊक. मागच्या रांगेत वर्षा. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली मान, तिला आधीच माहीत असल्यासारखी. मी वाचणार, टाळ्या वाजणार, ती पण वाजवणार.

मी कागद दुमडला.

"गोष्ट मी इथं यायच्या आधी लिहिली. पण ती इथलीच हाय. मला कळलं नव्हतं. साहेबांना आधी कळलं."

त्या कादंबऱ्यांमध्ये पोरगी उभी राह्यली की मागून शहर उठतं. आमच्याकडं तासाची घंटा झाली. रांगा वळल्या. फक्त टाळ्या वाजल्या न्हाईत. त्याचं मी लई दिवस कौतुक करत बसले. आता वाटतं, कधी वाजवायच्या तेच कळलं नसेल.

दुपारी कॉलेज सोडल्याचा दाखला हातात दिला. जाफराबादला एसटीतून उतरताना माय म्हणाली, "खरं दोन्ही होतं. तू महागाचं निवडलंस."

आता जाफराबादलाच शिकते. आम्ही चौघीजणी त्या फितींविषयी एकपानी पत्रक काढतो आणि प्रवेशाच्या दिवसांत जालन्याच्या एसटी स्टँडवर वाटतो. पालक वाचतात, घडी घालतात, विचारतात, "ते जाऊ दे, रिझल्ट लागतो ना?" लागतो. म्हणून तर थकायला होतं. वर्षा गेल्या वर्षी स्टँडवर दिसली. गळ्यात हिरवी फीत होती शेवटी. पत्रक घेतलं न्हाई, बाजूनं निघून गेली. तिचं चुकलं म्हणायला मला तोंड न्हाई.

ऐकते की फिती आता बंद केल्या. रंग थेट बापाच्या मोबाईलवर येतो, आणि गावाच्या ग्रुपवर यादी. पारावर बसलेली माणसं सोमवारी विचारतात, "काय पाटील, या आठवड्यात कोणता?" म्हणजे आता गेट ओलांडायची गरज न्हाई. कॉलेजच गावात आलं.

तर मी पण गावात जाणार. दर सोमवारी एक गाव. यादी पडली की पारावर जाऊन विचारणार, हे लेकरू कुणाचं, आणि तुम्ही त्याचा रंग का वाचताय. शिव्या बसतील. घरचे पण म्हणतील, आता पुरे. मागून कुणी उठेल असं मी बिलकुल धरलेलं न्हाई. तरी येत्या सोमवारी पहिलं गाव माझंच हाय, आणि पारावर माझा बाप यादी वाचत बसलेला असणार. त्यालाच आधी विचारणार.