वाचनालयात कोण बोललं?

आधीच सांगते, मी बँकेत नोकरी करून रिटायर झालेली बाई आहे. भुतंखेतं, आभास, सिक्स्थ सेन्स असले विषय निघाले की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच वैताग येतोय... पण लिहिते.

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छोटं वाचनालय आहे. आजूबाजूच्या कुणालाही खुलं. पुढे वर्तमानपत्रांचं लांब टेबल, मागे पुस्तकांचे लोखंडी रॅक आणि त्यांच्यामागे कोरी भिंत – खिडकी नाही, दार नाही. ग्रंथपाल सोडून गेल्यावर नवीन नेमायचं सोडून कमिटीने मला बसवलं. "तुम्ही नाहीतरी रिकाम्याच असता." वर चेअरमन दामले येता-जाता ऐकवणार की हल्ली वाचतं कोण, जागा क्लासवाल्यांना भाड्याने देऊ. त्या रविवारी तसा ठरावच यायचा होता.

आदल्या गुरुवारची दुपार. मी फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. टेबलाशी दोघंच – पंख्याच्या स्पीडवरून रोज वाद घालणारे सप्रे काका आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, यवतमाळची अश्विनी.

रॅकच्या मागून आवाज आला, "लेले बाई आल्या नाहीत आज. बघून या."

लेले बाई म्हणजे आमच्या रोजच्या वाचक. रिटायर्ड शिक्षिका, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहतात.

मी मान वर न करता म्हटलं, "सप्रे, हळू बोला जरा."

"मी बोललोच नाही," सप्रे म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच."

"मग अश्विनी?"

"मी नाही बोलली, मॅडम."

म्हणजे ऐकलं तिघांनी आणि बोललं कुणीच नाही. मी उठून मागे गेले. रॅक, धूळ आणि भिंत. कुणाचा मोबाईल चालू राहिला असेल म्हणून तिघांचे फोन तपासले. सप्रे म्हणाले, वरच्या मजल्यावरून आवाज येत असेल. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर लेले बाईंची चौकशी कोण करतंय? आमची अशी जुंपलेली असतानाच पुन्हा... तोच आवाज, या वेळी जरा चिडून.

"जा म्हटलं ना."

अश्विनीचा चेहरा उतरला. मी बाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. खरं सांगते, मला भीती वाटली नाही, संताप आला. कुणीतरी आपली चेष्टा करतंय आणि आपण उन्हातून चार जिने चढायचे. पण गेलो तिघंही.

बेल वाजवली. आतून काही नाही. शेजारणीकडे किल्ली होती, तिने दार उघडलं. बाई बाथरूमच्या दारात पडलेल्या होत्या. सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्ध हरपत चाललेली. फोन हॉलमध्ये. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत अश्विनी त्यांचा हात धरून बसून होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, रात्र काढली नसती यांनी.

रविवारी मीटिंग झाली. बंगळूरहून धावत आलेली बाईंची मुलगी उठून म्हणाली, "मी आईला आठवड्यातून एकदा फोन करते. एरवी ती तुमच्या वाचनालयात जाते, चार माणसांच्या नजरेला पडते, या भरवशावर मी तिकडे राहते. ते बंद करणार असाल तर मला आधी सांगा."

मग दामले म्हणाले, "ते ठीक आहे, पण त्या आवाजाचं मिनिट्समध्ये काय लिहायचं?" मी म्हटलं, "काहीच लिहू नका. नवीन ग्रंथपाल नेमायचं लिहा." ठराव बारगळला. ग्रंथपाल अजून नेमलेला नाही, हे सांगायलाच नको.

दोन-अडीच महिन्यांनी लेले बाई वॉकर घेऊन आल्या. आपल्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "आवाज बाईचा होता की पुरुषाचा?"

"पुरुषाचा," मी म्हटलं.

"बाईचा," सप्रे त्याच क्षणी म्हणाले. "चांगला खणखणीत."

इतक्या दिवसांत आम्ही हे एकमेकांना विचारलंच नव्हतं. आमचा वाद सुरू होणार, तेवढ्यात अश्विनी हळूच म्हणाली, "पण मॅडम, तो आवाज 'बघून या' नव्हता म्हणला. 'पाहून या' म्हणला होता. आमच्याकडे म्हणतात तसं."

सप्रे उठून रॅकच्या मागे बघून आले. मीही.

बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चष्मा लावला. "असो. आजचा पेपर द्या."

मी दिला. दुसरं काय करणार... मला आजही यातलं काही कळलेलं नाही.