स्टिकरबाईंची खिडकी

तुमच्या घरात भिंतीवर झाड आहे का? नाही म्हणता? मग एक तर तुमच्या भिंतीला ओल नसेल, नाहीतर आमच्या स्टिकरबाईंशी तुमची ओळख नसेल. आमच्या वस्तीत जिथे ओल तिथे झाड. फांदीवर दोन पोपटही असतात, आणि ते घरमालकापेक्षा बरे, निदान भाडं तरी वाढवत नाहीत.

स्टिकरबाई म्हणजे वस्तीतल्या शाळेच्या पहिलीच्या बाई. खरं नाव असेल शाळेच्या दप्तरात, पण पोरांपासून रेडियमवाल्यापर्यंत सगळे स्टिकरबाईच म्हणतात. रेडियमवाला म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेटी बनवणारा. त्याच्या मशीनवर व्हिनाइलची चिकट शीट कापून अक्षरं निघतात. उरलेल्या पट्ट्या तो फेकून द्यायचा, त्या एक दिवस बाईंनी उचलल्या, आणि तिथून ही लागण सुरू झाली.

आधी घर गेलं. दीड खोलीचं घर ते. फ्रिजच्या गंजावर वेल चढली, मोरीच्या फुटक्या फरशीवर मासे पोहायला लागले. स्वयंपाकघरातल्या भेगेची फांदी झाली. भेग वाढली की बाई एक पान वाढवतात. नवरा वायरमन. त्याच्याच घरात स्विचबोर्डावर मांजरी बसल्या आहेत, त्यामुळे तो सांगत असतो, की लोकांच्या घरी मी शॉक शोधतो आणि स्वतःच्या घरी स्विच. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. सून पाण्याचा फवारा घेऊन आली की त्या जागा सोडतात. फार वेळ एका जागी बसलं तर आपल्यावरही फुलपाखरू चिकटेल, अशी त्यांना भीती.

हात मात्र साफ. भिंत पुसायची, साबणाचं पाणी फवारायचं, त्यावर स्टिकर अलगद ठेवायचा आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं मधून कडेकडे पाणी ढकलत न्यायचं. फुगा राहिला तर सुईनं टोचायचा. काढायचा झाला तर केस वाळवायच्या मशीननं कोपरा गरम करून हळूहळू सोलायचा, म्हणजे भिंतीचा रंग निघत नाही. पण काढायची वेळ बाईंवर सहसा यायची नाही. लावायची हौस दांडगी.

आता वर्गाकडे या. त्या वर्गाला एक खिडकी होती. खरीखुरी, गजांची. पलीकडच्या मोकळ्या जागेत शाळेचे अध्यक्ष गाडी लावत. गाडीला ऊन लागे. अध्यक्षांचा जीव कळवळला. त्यांनी शेड बांधली, शेडची पाठ वर्गाला टेकवली आणि खिडकी विटांनी बुजवून टाकली. गाडी सावलीत गेली, पोरं वाफेत गेली. गाडीला दमा नाही, पण पहिलीतल्या एका मुलीला आहे. दुपारी तिची छाती वाजायला लागली की बाई तिला बाहेर व्हरांड्यात बसवतात. तिथून मान वाकडी करून ती फळा वाचते. शाळेच्या भाषेत याला प्रवेश मिळणं म्हणतात.

बाईंनी हेडसरांकडे खिडकी मागितली. हेडसर फार सज्जन. कुणालाच नाही म्हणत नाहीत, अध्यक्षांना तर स्वप्नातसुद्धा नाही. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षीही हेच म्हणाले.

मग बाईंनी स्वतःच खिडकी केली. रेडियमवाल्याकडून मोठी शीट छापून आणली आणि विटा रचल्या होत्या नेमक्या तिथेच डकवली. पांढरी चौकट, निळं आकाश, खाली कुंडी आणि वाऱ्यानं उडालेला पडदा. पोरांना स्वर्ग मिळाला. एक पोरगी तर बाटलीतलं उरलेलं पाणी रोज त्या कुंडीला घालायची. खालची कड सुटायची, बाई ती पुन्हा दाबून बसवायच्या. सगळ्यात खूश झाले हेडसर. विटा दिसेनाशा झाल्या म्हणजे त्यांच्या हिशेबी प्रश्न मिटला. त्यांनी ऐटीत फोटो काढून वर शिक्षण खात्याला पाठवला.

इकडे बुजवलेल्या खिडकीबद्दल आमच्या वस्ती संघटनेची तक्रार त्याच खात्यात पडून होती. मी चपला झिजवत होते. शेवटी तिथल्या साहेबांनी एकदाचं आत बोलावलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, त्यावर हेडसरांनी पाठवलेला फोटो. ही काय खिडकी, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तो स्टिकर आहे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मला समजावलं, "अहो, पडदा उडतोय की. वारा असल्याशिवाय उडेल का?" तक्रार बंद झाली. वर मलाच सल्ला मिळाला, की खोट्या तक्रारींनी शासनाचा वेळ घेऊ नये.

मी तडक बाईंचं घर गाठलं. डोकं तापलेलं होतं, जे तोंडात आलं ते बोलले. आम्ही खिडकीसाठी भांडायचं आणि तुम्ही आमच्या मागणीवर आकाश चिकटवायचं, हा काय न्याय? सासूबाई आतल्या खोलीत सरकल्या. वायरमन मांजरीत स्विच शोधत राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही घोषणा देऊन घरी जाता," त्या म्हणाल्या. "मी त्या विटांसमोर दिवसभर उभी असते. पोरांना बघायला काहीतरी नको का?"

काढा म्हटलं तर नाही म्हणाल्या. पोरं रडतील. मीही चिडून निघून आले.

पुढे विनोद वाढला. सुंदर वर्गांच्या स्पर्धेत ह्याच वर्गाचा पहिला नंबर आला, आणि बक्षीस द्यायला तेच साहेब आले. मला बोलावणं नव्हतं, म्हणून मी वेळेआधीच जाऊन दारात उभी राहिले. ऐन दुपार. वर्गात प्लग एकच. त्यात लाउडस्पीकरची पिन खोचायची म्हणून टेबलफॅन काढला होता. दारात पाहुणे, पाहुण्यांमागे पालक. दम्याची मुलगी फोटोसाठी पहिल्या रांगेत बसवली होती, कारण तिच्या वेण्या छान दिसतात. अध्यक्ष स्वच्छ हवेचं महत्त्व सांगत होते. ते भाषण करत असताना पहिल्या रांगेतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बाईंची नजर तिच्यावर खिळली. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार माणसांनी गच्च भरलेलं.

तेवढ्यात साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"बाई, ती खिडकी उघडा जरा."

एक पोरगं फिसकन हसलं. हेडसर उठले, बसले, परत उठले. साहेब, ती डिझाइनची आहे, असं काहीतरी पुटपुटले. बाई वळल्या. भिंतीपाशी गेल्या, कुंडीखालची सुटलेली कड नखानं उचलली आणि ओढली. मशीननं गरम करणं नाही, हलका हात नाही. टर्रकन कुंडी गेली, पडदा गेला, आकाश गेलं, त्याबरोबर भिंतीच्या रंगाचे पोपडेही. मागे विटा.

"उघडली, साहेब."

एवढंच बोलून त्यांनी मुलीचा हात धरला आणि पाहुण्यांना कोपरांनी बाजूला सारत तिला बाहेर नेलं. पंप तिच्या दप्तरात होता, तो मी पोहोचवला. थोड्या वेळानं तिचा श्वास सुरळीत झाला. आत पोरं आकाशासाठी भोकाड पसरून रडत होती.

बक्षीस मात्र दिलं गेलं. ढालीवर नाव आधीच कोरलेलं होतं, ते कसं वाया घालवायचं? साहेबांनी जाताना सांगितलं, की विटा काढायला खात्याची हरकत नाही, व्यवस्थापनानं ठरवावं. व्यवस्थापन म्हणजे अध्यक्ष. अध्यक्षांनी ठरवलं: ते स्वखर्चानं मोठी खिडकी छापून देणार आहेत, डोंगर आणि धबधब्यासकट. ती बाईंनी चिकटवायची. नाही चिकटवली तर पहिलीचा वर्ग काढून घेणार.

बाईंनी नाही सांगितलं. ज्या बाईनं आयुष्यात कोरी भिंत सोडली नाही, तिनं ही भिंत तशीच ठेवलीय. सासूबाईंनाही पटत नाही, नोकरी आहे म्हणून घर आहे, असं त्या रोज ऐकवतात. वायरमन म्हणतो, विटा फोडायची हातोडी माझ्याकडे आहे. आणि तुम्ही, पालकहो? तुमच्यातले काहीजण दारोदार सह्या गोळा करत फिरतायत, की वर्ग भकास दिसतो, स्टिकर परत लावा.

सोमवारी संध्याकाळी शाळेत पालकसभा आहे. धबधबा हवा का, असं अध्यक्ष विचारतील, तेव्हा कृपा करून हात खाली ठेवा. मग गाडी हलवा आणि विटा काढा असं मी म्हणेन, तेव्हा वर करा.