बोटं फाकवून म्हटलेलं ‘नको’

आमच्या सुमंतकाकाने पहिल्या खेपेला ‘हो’ म्हटलंय, असं धारवाडच्या आमच्या सप्तापुरात कुणी ऐकलेलं नाही. चहा घेणार का? “नको नको, आत्ताच झाला.” झालेला नसतो. बसा की जरा! “नको हो, निघायचंच आहे.” मग तासभर बसतो. जेवताना पानावर हात आडवा धरतो, पण बोटं अशी फाकवतो की आमटी सोडाच, अख्खा लाडू त्यातून खाली उतरावा. पहिलं नको रीतीचं, दुसरं भिडेचं, तिसऱ्या आग्रहाला मान एका खांद्यावर टाकून, “बरं, एवढं म्हणताय तर...” मी त्याची नक्कल करताना तोंड उघडायच्या आधी बोटं फाकवते. लोक तिथंच ओळखून हसतात.

असा माणूस कॉलेजातली शिकवायची नोकरी बाजूला ठेवून धंद्यात पडला. प्रशांतअण्णा हा त्याचा जुना विद्यार्थी, हुबळीच्या कापडदुकानदारांच्या घरातला. दोघांनी मिळून ‘धारणवाणी’ ही कंपनी काढली; धारण म्हणजे बाजारभाव. शेतकऱ्याने फोन लावायचा, मालाच्या नावाचं बटण दाबायचं, की अमरगोळच्या बाजारातला आजचा भाव ऐकू येतो. कन्नडमध्ये हवा तर कन्नडमध्ये, मराठीत हवा तर मराठीत. आवाज माझा आहे, पण माझ्यासारखा नाही. पोरीच्या तोंडून मिरचीचा भाव कुणी खरा मानेना, म्हणून मी घसा खरवडून एका म्हाताऱ्या अडत्याचा काढला. आता म्हणे लोक फोनमध्ये त्याला नमस्कार करतात.

नमस्कार भरपूर आले, पण कंपनी पुढे नेणारा कुणी येईना. कॉलेजने दिलेली बिनपगारी रजा संपत आली. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. रुजू झाला की धारणवाणी बंद, कारण प्रशांतअण्णाला एकट्याला ती झेपणारी नव्हती. आणि नेमकं त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी हुबळीत परिषद भरली. दोन हजार आठ साल, जानेवारी. विद्यानगरच्या सभागृहाबाहेर फलक: आंतरराष्ट्रीय उद्योजक परिषद.

आंतरराष्ट्रीय म्हणजे तीन परदेशी पाहुणे येणार होते. दोघांचं विमान कुठंतरी अडकलं. उरला एक, हॉलंडचा यान. ताडमाड उंच, भुवया पांढऱ्या. सगळं आंतरराष्ट्रीयत्व त्या एकट्याच्या खांद्यावर. तो पाणी प्यायला उठला की बारा टायवाले उठायचे.

भाषणं तर काय सांगू! ‘आंत्रप्रेन्युअर’ हा शब्द एकालाही धड म्हणता येईना. एक म्हणाले ‘येंटरप्रेनर्सु’, दुसरे ‘अंतरपुण्यार’. मला वाटलं आता पुण्याचं काहीतरी निघणार. मी वहीमागे तोंड लपवून एकेकाचा सूर धरत होते. शेजारी वेदश्रीकाकू मात्र हसत नव्हती. ती साडीच्या पदराचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“अगं, बघतोय का तो इकडं?”

“कोण?”

“कोण काय कोण! हॉलंड.”

दुपारी प्रत्येक कंपनीला एकेक टेबल दिलेलं, तेव्हा हॉलंड आमच्या टेबलाशी आला. फोन कानाला लावला. माझा म्हातारा अडत्या त्याच्या कानात खाकरला आणि मिरचीचा भाव बोलला. यान लहान मुलासारखा हसला. मग त्याने काकाला नीट, सावकाश प्रश्न विचारले. कुणी फोन करतं, का करतं, भाव चुकला तर काय. काका छान उत्तरं देत होता. प्रशांतअण्णाने टेबलाखाली माझा पाय दाबला. दुखला, पण मी ओरडले नाही.

यान म्हणाला, “आमची संस्था केनियातल्या शेतकऱ्यांसाठी हेच करू पाहतेय. तुम्ही दोघं तिथं येऊन आमच्याबरोबर एक वर्ष काम कराल का? तुमची कंपनी, आमची मदत.”

काकाचा चेहरा उजळला. आणि हात वर आला, बोटं फाकवून.

“नो नो, सर! नो नो. व्हेरी स्मॉल थिंग, सर. नो नो.”

मान खांद्यावर टाकायच्या तयारीत काका दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला.

यानने मान डोलावली. “ओके. आय अंडरस्टँड. थँक यू.” आणि पलीकडच्या टेबलाकडे गेला.

आम्ही तिघं काकाकडे बघत राहिलो. काका शांत होता. “येईल की. मोठी माणसं एकदम गळ्यात पडत नाहीत.”

प्रशांतअण्णानेही दुकानातलं शास्त्र काढलं. “सर, गिऱ्हाईक एकदा पायरी उतरतंच. चार दुकानं हिंडून परत येतं. हाक मारली की भाव पडतो.”

म्हणून कुणी हाक मारली नाही. यान चार टेबलं हिंडला, आठ हिंडला. तो वळला की आमचं काळीज वळायचं. चहाच्या वेळी तो आमच्या दिशेने आला. काकूने पदर सोडला, काकाने घसा साफ केला. यान आमच्या मागच्या दारातून बाहेर गेला.

संध्याकाळी घरी कुणी नीट जेवेना. काकू म्हणाली, “तू तरी काही कर गं, ह्यांचं तोंड बघवत नाही.” मला एकच गोष्ट करता येते. मी आधी यान झाले, ताठ, भुवया वर. मग काका झाले. हात वर, आणि “नो नो, सर! नो नो.”

काकू हसली. प्रशांतअण्णा हसला. काका हसला नाही.

“असं म्हणालो मी?”

“अगदी असंच.”

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. गंमत अशी की मराठीत ते ‘नको’ असतं, त्यात जागा असते, त्याला शेपूट असतं. इंग्रजीत नुसतं ‘नो’, कुलूप लावल्यासारखं.

“अय्यय्यो,” काका खाली बसला. “मी त्याला नाही म्हणून आलो की गं!”

“मग उद्या जाऊन हो म्हणा,” काकू म्हणाली.

“विचारल्याशिवाय? आपणहून? पानावरून उठून कढईत हात घालायचा?”

प्रशांतअण्णा खालच्या आवाजात म्हणाला, “सर, सोमवारी तुम्हाला कॉलेज आहे. मला धारणवाणीला कुलूप लावायचं आहे.”

रविवारी सकाळभर यान व्यासपीठावर अडकलेला. जेवण झालं की तो निघणार, गाडी बाहेर उभी. आयोजकांनी संस्कृती दाखवायला पंगत मांडलेली. काका कसाबसा यानसमोरच्या पानावर बसला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही बाजूच्या रांगेत बसलो, घास हातातच.

वाढपी शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, घेऊन आला. यान म्हणाला, “नो, थँक यू.” वाढप्याने वाढली. “तगोळ्री सर, घ्या की!” यानने पानावर हात धरला. चांगली बंद बोटं, पंजाच! वाढप्याने पानावर हाताशेजारच्या रिकाम्या जागेत दुसरी ठेवली, वर तुपाची धार.

“पण मी नाही म्हणालो!” यान लाल झाला.

काका एकदम बोलला. “सर, तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. आमच्याकडे पहिलं नो खरं धरत नाहीत.”

यानने होळगीकडे बघितलं. मग काकाकडे. “मग तुमचं कालचं?”

काकाचे कान लाल झाले. “ते... पहिलं होतं, सर.”

“अच्छा. मग पुन्हा विचारतो. आमच्याबरोबर काम कराल?”

मला काकाचा हात दिसत होता. तो वर यायला निघाला. काकूने पलीकडून असं काही बघितलं की तो मांडीवरच थांबला. पण त्या गडबडीत काकाचं इंग्रजीच पळालं.

“हो!” तो ओरडला. “हो, हो!”

यान दचकून मागे सरला. दोन्ही हात वर. “ओके, ओके! सॉरी!”

आम्हाला काही कळेना. मागाहून कळलं, त्यांच्या भाषेत ‘हो’ म्हणजे थांब. घोड्याला म्हणतात.

“येस!” काकू पंगतीतून अर्धी उठली, उष्टा हात हवेत. “ही इज सेइंग येस, सर! आमचं हो म्हणजे येस!”

यानने रुमालाने बोटं पुसली. मला वाटलं, गेलं. आता गाडीत बसणार. तो दुखावल्यासारखा, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “मिस्टर सुमंत. मी शेवटचं विचारतो. येस, ऑर नो?”

आणि हे तिसऱ्यांदा होतं.

काकाची मान खांद्यावर गेली. “येस, सर,” तो म्हणाला, “तुम्ही एवढं म्हणताय तर.”

सोमवारी काका कॉलेजात गेला, जागा सोडतो हे सांगायला. काकूने दारातच बजावलं, “बोटं मिटून म्हणा.” त्याने मिटून म्हटलं. पण प्राचार्य पक्के धारवाडचे. ते हसले, चहा मागवला. “असू द्या हो सुमंतराव, नाही कसं म्हणता?” काका पुन्हा म्हणाला नको. ते म्हणाले, “बरं बरं, विचार करा.”

काका केनियात पोचला तरी प्राचार्यांचा घरी फोन येतच असतो. काकू माझ्याकडे रिसीव्हर देऊन म्हणते, “तू बोल गं ह्यांच्या आवाजात, ह्यांचं नको त्यांना खरं वाटत नाही.” मी बोटं घट्ट मिटते, घसा सारखा करते, “नको, सर,” म्हणते. पलीकडून प्राचार्य समाधानाने म्हणतात, “हं. म्हणजे अजून एकदाच विचारायचं राहिलं.”