जिवंतपणीचं चित्र

गेल्या मे महिन्यात बायको म्हणाली, "गावभरच्या मेलेल्यांना रंगवलंत, आता मला जिवंतपणी रंगवा." तिचं हे असं. सरळ बोलेल तर शपथ.

माझा धंदाच तो. माणूस गेलं की घरचे जुना फोटो घेऊन यायचे आणि भिंतीवर लावायला मोठं चित्र मागायचे. चाळीस वर्षं तेच केलं. आता डोळ्यांना पाणी येतं, मान अवघडते, आणि त्यात तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिक्षाने न्यायचं, चार तास बाकड्यावर बसायचं, परत आणायचं. मी इतका दमलो होतो की नाही म्हणायचाही कंटाळा आला.

नवीन पनवेलच्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे वीतभर बाग आहे. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, आणि सगळ्यांवर ट्रकांची धूळ. तिने मोगऱ्याजवळ खुर्ची ठेवायला लावली आणि हिरवी इरकल नेसून बसली. सकाळी आठलाच घामाच्या धारा.

"हलू नकोस गं."

"नाकावर माशी बसलीय, तिला सांगा."

अर्ध्या तासात ती दमायची, मीही. तिच्या सुजलेल्या पायांकडे बघवत नसे. मला भीती वाटत होती, दुसरं काय!

पाचव्या बैठकीला मी ब्रश खाली ठेवला. "झालं बाई एकदाचं!"

ती काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली. चेहरा हुबेहूब होता. मोगराही जमला होता. मग तिने गळ्याखाली बोट दाखवलं. तिथे साडी म्हणजे नुसता हिरवा रंग फासलेला. ना काठ, ना पदर.

"हे असं का?"

गिऱ्हाइकांच्या चित्रांत छातीवर मी कधीच मेहनत घेत नसे. तिथे हार येतो, कुणाला दिसतंय! हात सवयीने तिथेच थांबला होता. मी तोंड उघडायच्या आत तिला ते कळलं. इतकी वर्षं ती चित्रं तिच्याच स्वयंपाकघरात वाळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती काठी टेकत परत गेली, खुर्चीत बसली, खांद्यावरचा पदर नीट केला.

"काठ काढा," ती म्हणाली. "मी बसलेय अजून."