मामाजींचे पिसांचे किडे

माझं माहेर चंद्रपूर शहरातलं. लग्न होऊन आलापल्लीला आले तेव्हा सासरे नोकरीतून निवृत्त झाले होते. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सून त्यांच्यासमोर बसत नसे, बोलणं तर दूरच. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायची आणि आत पळायची.

मामाजींनी जन्मभर जंगल खात्यात चाकरी केली. तिथं कधीकाळी एक पहाडी साहेब आले होते. त्यांच्या मुलखात थंड पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो, आणि तो पिसांच्या खोट्या किड्याला फसतो. साहेबांनी ती विद्या मामाजींना शिकवली आणि बदली झाली तेव्हा आपली गळाची काठी, जाड दोरी इथंच ठेवून गेले. आमच्याकडं ट्राउट कुठून येणार? मामाजी तळ्यातल्या मरळीवर तेच किडे चालवायचे.

त्या हिवाळ्यात ते ओसरीवर उन्हात बसून किडा बांधत होते. लाकडाच्या चिरेत गळ अडकवलेला, हातात मेण लावलेला कोशाचा रेशमी धागा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस. मी दारात तांदूळ निवडत होते. पीस पुन्हा पुन्हा निसटत होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेवटी त्यांनी चिडून सगळं अंगणात भिरकावलं आणि आत जाऊन निजले.

मी गळ उचलला. भरतकामाचा हात होता माझा. चुलीपाशी बसून किडा बांधला आणि गुपचूप त्यांच्या जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरून आवाज आला, "हा कोणं बांधला?"

"मी नाई बा," सासूबाई म्हणाल्या.

मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिथं ते कधी येत नसत. मी पदर सावरून उभी राहिले.

"पोरी, गळ बोटात घुसते. सांभाळून करत जाय," ते म्हणाले. मग किडा चाचपून, "पीस जास्त झालं. पाण्यावर पडला का जिता वाटला पाह्यजे."

तेव्हापासून किडे मी बांधू लागले. पुढं एका सकाळी ते मला तळ्यावर घेऊन निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. "सुनेले घेऊन मासे माराले जाता? लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, सुनेले मासे भेटले."

काठावर उभे राहून ते काठी मागं न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढं सोडायचे. दोरी डोक्यावरून सळसळत जायची. हात अगदी बिनचूक, पण किडा कुठं उतरला ते त्यांना दिसत नसे.

"कुठी पडला?"

"कमळाच्या पानाजवळ. डाव्या अंगाला."

बरेच दिवस रिकाम्या हातानंच परतलो. एकदा मात्र पानाखालचं पाणी फुगलं आणि किडा नाहीसा झाला. मी पदर विसरून ओरडले, "मामाजी, ओढा!" चिखलात गुडघाभर उतरून मीच ती मरळ काठावर आणली. मामाजींनी तिच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला आणि लहान पोरासारखे हसत सुटले.

उन्हाळ्याआधी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी सगळ्यात आधी माझे किडे मागवले. एक उन्हात धरला.

"हा लाल रंग कुठचा?"

"कोशाचा धागा संपला होता. माझ्या साडीच्या काठाचा काढला."

"अवं, म्हणूनच मासे येऊन राह्यले होते! तुही साडी पाहाले!" सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

मग ते स्वतःच किडे बांधू लागले आणि एकटे तळ्यावर जाऊ लागले. भाकरी थापताना माझं लक्ष त्यांच्या वाटेकडंच असायचं. आठवडाभरानं एके दिवशी ते तळ्यावरून परतले, काठी भिंतीला टेकवली आणि चुलीकडं न पाहताच म्हणाले, "उद्या लवकर आवरून ठेव. एकट्याले करमून नाई राह्यलं."

त्यानंतर कितीतरी हिवाळे आम्ही दोघं गेलो. मामाजी आता नाहीत. तळ्यावर बेशरमाची झुडपं माजली आहेत, काठाशी उभं राहायलाही जागा उरली नाही. तरी थंडीत सकाळी कधी तिकडून गेले, तर कमळाच्या पानांजवळ पाणी हलतं का, ते मी थांबून बघते.